आई निजलीय, हळू बोला

भाद्रपदातली पौर्णिमा झाली की मायचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्द्यावर, "अष्टमीला आई पलंगावर जायलीय, तू कवा यायलास?" आणि मी रजेचा अर्ज टाकतो. गेली सतरा-अठरा वर्षं हे असंच चालू आहे. नवरात्रात नाही, दसऱ्यालाही नाही, आम्ही मायलेकरं तुळजापूरला जातो ते देवी झोपलेली असताना.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं तर त्याला खरंच कळेना. म्हणाला, अरे पण झोपलेली असताना जाऊन दर्शन काय घेणार, सिंहासनावर बसलेली नटलेली देवी बघायची सोडून? त्याच्या विचारण्यात काही वावगं नव्हतं. तो कोकणातला, त्यांच्याकडं शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, नाचते, म्हणजे देव जागचा हलतो हे त्याला चांगलं माहीत आहे, पण देव थकतो हे त्याला नवीन होतं. तेव्हा चहाच्या टेबलावर त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहायलोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुळजापूर आमच्या धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. मोठमोठी देवळं डोंगराच्या माथ्यावर असतात, चढून जावं लागतं, इथं उलटं आहे, महाद्वारातून आत शिरलं की पायऱ्या उतरत खाली जायचं. कल्लोळ तीर्थ, गोमुख, मग निंबाळकर दरवाजा, मग होमकुंड आणि आत आई. लहानपणी मला वाटायचं आपण विहिरीतच उतरायलोय. मूर्ती काळ्या गंडकी शिळेची, तीन फुटांच्या आसपास उंचीची, आठ हातांची, पाय महिषासुरावर, एका हातात त्याची शेंडी धरलेली. लोकांना फोटोत दागिन्यांनी मढलेली, मळवट भरलेली, टपोऱ्या डोळ्यांची देवीच माहीत असते, पण ते सगळं उतरवल्यावर खाली एवढीशी मूर्ती आहे, एखाद्या तीन-चार वर्षांच्या लेकराएवढी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि खरी गोष्ट ही की ही मूर्ती चल आहे. बऱ्याच देवळांत काय असतं, मूळ मूर्ती एकदा बसवली की बसवली, ती जागची हलत नाही, मिरवणुकीला, पालखीला, उत्सवाला धातूची छोटी उत्सवमूर्ती वेगळी असते. दक्षिणेत तर दोघींना वेगवेगळी नावं आहेत. तुळजापुरात मूळ मूर्तीच सिंहासनावरून उतरते. वर्षातून तीन वेळा. भाद्रपद वद्य अष्टमीला ती गाभाऱ्याला लागून असलेल्या शेजघरातल्या पलंगावर निजते ते थेट घटस्थापनेच्या पहाटे उठते, ही घोर निद्रा. मग नऊ दिवस नवरात्र, दसऱ्याला सीमोल्लंघन करून परत पलंगावर, ती कोजागिरीपर्यंत, ही श्रम निद्रा. आणि तिसरी पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधीचे आठ दिवस, तिला मोह निद्रा म्हणतात. सगळे मिळून वीस-एकवीस दिवस होतात. त्या दिवसांत अभिषेक नाही, सिंहासनाच्या पूजा नाहीत, दही-दुधाची घागर नाही. फक्त सुगंधी तेल लावतात तिच्या अंगाला. रोज पहाटे चरणतीर्थ, मग अभिषेक, मग नैवेद्य, रात्री प्रक्षाळ, असं ज्या बाईला वर्षभर एक क्षण मोकळा नाही तिला त्या दिवसांत कोणी उठवत नाही. दर्शन असतं, लाईन असते, पण तुम्ही एका निजलेल्या बाईला बघून यायचं असतं, आणि ते कसं बघायचं हे माझ्या मायने मला शिकवलं, चप्पल काढल्यापासून आवाज खाली.

ती आली कशी त्याची गोष्ट आमच्याकडं शाळेत जायच्या आधी पाठ झालेली असते. कर्दम ऋषी वारले, त्यांची बायको अनुभूती, पदरात लहान लेकरू, म्हणून सती न जाता मंदाकिनीच्या काठी तप करत बसली, कुकुर नावाच्या दैत्याने तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला, तिने हाक मारली आणि देवी धावून आली, दैत्याने रेड्याचं रूप घेतलं, देवीने मारला. हाकेला त्वरित आली म्हणून त्वरिता, त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा. स्कंदपुराणातली कथा म्हणून सांगतात. मला या कथेत सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू का, तर ती कुठल्या राजाच्या यज्ञातून आलेली नाही, एका विधवा बाईच्या हाकेवर आलेली आहे, लेकरू पदरात असलेल्या. दुसरी गोष्ट रामाची. सीतेला शोधत राम-लक्ष्मण दक्षिणेला निघाले, तेव्हा घाटशिळेवर उभी राहून देवीने वाट दाखवली, रामाने ओळखलं आणि म्हणाला "तू का आई", तिथून तुकाई. हे दुसरं नाव आमच्या गावाकडं अजून जास्त चालतं. पुढं भोसल्यांची कुलदेवी झाली, अफजलखानाची स्वारी आली, त्याने इथं उपद्रव केला हे बखरींमध्ये आहे, शिवाजी महाराजांनी नंतर १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. महाराजांनी दिलेली पुतळ्यांची माळ अजून तिच्या दागिन्यांत आहे. हा इतिहास सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

झोपेवर मात्र लिहायचंय.

नवरात्रात देवीच्या ज्या अलंकार महापूजा बांधतात त्यात रथ, मुरली, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी अशा असतात आणि एक असते शेषशायी. देवी आणि शेषशायी, हे काय, असं मला बरेच दिवस वाटायचं. तिथल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी मामाला सांगितलेलं आठवतंय. विष्णू शेषावर झोपलेला असतो, त्याच्या कानातल्या मळातून दोन दैत्य निघतात आणि ब्रह्मदेवाला खायला धावतात, विष्णू काही उठेना कारण त्याच्या डोळ्यांत देवीच झोप होऊन बसलेली, मग ब्रह्मदेव तिची विनवणी करतो की बाई तू याच्या डोळ्यांतून ऊठ. ती उठते तेव्हा विष्णू जागा होतो, दैत्य मारतो, आणि मग आपली शेषशय्या देवीला देतो की आता तू विसावा घे. शेवटचं शय्या देणं सोडलं तर सप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात ही कथा आहे, आणि पुढं "या देवी सर्वभूतेषु निद्रारूपेण संस्थिता" असं तर आपण दरवर्षी म्हणतोच, घाईघाईत, बुद्धिरूपेण आणि क्षुधारूपेणच्या मध्ये ते निघून जातं. म्हणजे बघा, सगळ्या जिवांच्या डोळ्यांत जी झोप आहे ती ही. आणि तिला स्वतःला झोपायला आमच्या गावाने पलंग केलाय.

देव थकतो हे आपल्याकडं सगळीकडंच आहे तसं. पंढरपूरला आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात, मग त्याने झोपायचंच नाही, रात्रंदिवस वारकरी येतायत, तो उभाच, पाठीला टेकायला एक लोड देतात फक्त. वारी सरली की प्रक्षाळपूजा करतात आणि रात्री त्याला काढा पाजतात, शिणवटा जावा म्हणून. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काढा! पण विठ्ठलाची झोप गर्दीसाठी काढून घेतात आणि तुळजापुरात गर्दी असो नसो आईची झोप काढून घेता येत नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

मायचं माहेर तुळजापूर. देवळापासून चालत पाच मिनिटांवर मामाचं घर. त्यामुळं तिच्याकडं निद्रेच्या आधीच्या दिवसांच्या आठवणी आहेत त्या बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतात. पलंगावरच्या गाद्या-उशा उसवायच्या, कापूस बाहेर काढायचा, बायका गोल करून बसायच्या आणि तो कापूस हातांनी वेचायच्या. माय सांगते, कापूस असा मांडीवर घ्यायचा, बोटांनी उलगडायचा, आणि त्यात एखादी सरकी, पानाचा चुरा, काडी, काही म्हणून राहू द्यायचं नाही. "तिला टोचंल की गं," असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या. महिषासुराच्या छातीवर पाय देऊन उभी असलेली देवी, आठ हात, हातात त्रिशूळ, चक्र, तिला सरकी टोचेल! आणि हे त्या अगदी खरं मानून म्हणायच्या, कारण वेचताना त्यांचे स्वतःचे हात सरकीने, वाळलेल्या बोंडाच्या टोकाने कायम फाटलेले, शेतातली कापूसवेचणी त्यांना ठाऊक होती. आजही मायच्या हातात उशी आली की ती आधी चाचपून बघते, कुठं गाठ आहे का, मग फटकारून मऊ करते, मग डोकं टेकवू देते. आमच्या घरी कुणालाच गाठीच्या उशीवर झोपता येत नाही तिच्यामुळं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

१९९३ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव सास्तूरच्या पट्ट्यातलं, तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा. माय सातव्या महिन्याला बाळंतपणासाठी तुळजापूरला आलेली. घरी आजा, मोठीमाय म्हणजे माझी आजी, बाप आणि मी. गणपती विसर्जनाची रात्र होती, गावात उशिरापर्यंत लेझीम, गुलाल, आणि बापाला ज्वारीत डुकरं शिरायची काळजी म्हणून तो आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, निघाला तर मीही हट्ट करून गेलो त्याच्यासोबत. एवढ्यामुळं आम्ही दोघं वाचलो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना, ३० सप्टेंबर, जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणतात त्याला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं आडवी झाली. आमच्याकडं सगळी माळवदाची घरं, दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडांवर हात-दीड हात मातीचा थर, उन्हाळ्यात आत गारगार लागतं म्हणून कौतुकाने बांधलेली. ती माती सगळी झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. माणसं जागी असती तर पळाली असती. ती निजलेली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

आजा गेला. मोठीमायला दुपारी बारा-एकच्या सुमाराला बाहेर काढलं, ती तुळईच्या आडोशाला अडकून राहिली होती. मी बघितलंय ते. बापाने आणि शेजारच्या दोघांनी तिला वाकळेत गुंडाळून, वाकळेची चार टोकं धरून उचलून आणलं, तोंडावर, केसांत, डोळ्यांच्या पापण्यांत सगळी माती, मला वाटलं ती पण गेली. मग तिने पाणी मागितलं. मोठीमाय आराधीण होती, तिच्या गळ्यात कायम कवड्यांची माळ, देव्हाऱ्यात परडी, दर मंगळवारी पाच घरी जोगवा. माळ तुटली होती. तिच्या मुठीत तीन कवड्या होत्या, त्या तिने मूठ उघडून कुणाला दाखवल्या नाहीत, पदराच्या गाठीत बांधल्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी मामा ट्रक घेऊन आला आणि आम्ही सगळे तुळजापूरला आलो. मोठीमाय मामाच्या घरात पाऊल टाकेना. लेकाच्या सासरी राहायची लाज असेल असं मामीला आधी वाटलं, पण ते नव्हतं, तिला छपराखाली जायचं नव्हतं. समोर लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी ती बसली, पाऊस आला तर पोतं डोक्यावर घ्यायची पण आत यायची नाही. आणि झोपायची नाही. हे मी वाढवून सांगत नाही, रात्री मला लघवीला जाग आली की दारातून दिसायचं, ती बसलेली, डोळे उघडे. मायने विचारलं, "आत्या, जरा पडा की." ती म्हणाली, "निजले तर कोण बघंल?" कशाकडं बघायचं ते काही सांगितलं नाही.

भूकंपानंतर आठ-नऊ दिवसांनी वद्य अष्टमी आली. संध्याकाळी मामी तिला घेऊन देवळात गेली, जन्मभर आराधीण असलेली बाई, आईला पलंगावर बघितली तर मन हलकं होईल म्हणून. मीही गेलो. शेजघरापाशी मोठीमाय उभी राहिली, बघितलं, हात काही जोडले नाहीत. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता निजलीस व्हय? त्या रातीला तर तू जागी हुतीस."

आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. मामी तिला दंडाला धरून बाहेर आणायला लागली. तिथल्या सेवेकरी म्हाताऱ्याने मामीला थांबवलं, म्हणाला, बोलू द्या ताई, तिला ऐकायची सवय हाय. मला आजही या वाक्याचं नवल वाटतं. तो तिच्यावर ओरडू शकला असता. मोठीमाय मात्र पुढं काही बोलली नाही. घरी आली, लिंबाखाली बसली. सगळं नवरात्र सरलं, गल्लीतून संबळ वाजत जायचा, पोत पेटवलेले आराधी जायचे, आई राजा उदो उदो, ती मान वर करून बघायची नाही.

दसऱ्याआधीची रात्र. तुळजापुरात त्या रात्री कोणी झोपत नाही कारण नगरहून पलंग आणि पालखी आलेली असते. हे पलंगाचं प्रकरण फार मोठं आहे, त्यावर वेगळं लिहिता येईल. पलंग तयार होतो पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात, तिथून गावोगाव मुक्काम करत, लोकांच्या ओट्या-नारळ घेत नगरला येतो, आताच्या अहिल्यानगरला. पालखी बुऱ्हाणनगरची, त्याला देवीचं माहेर मानतात. तिथल्या जानकोजी भगत नावाच्या तेल्याच्या घरी देवी लहान मुलगी होऊन राहिली, मग निघून गेली, तो वेडापिसा होऊन तिच्या मागं तुळजापूरला आला, तेव्हा ती म्हणाली की वर्षातून एकदा मी तुझ्या पालखीत बसेन. म्हणून दरवर्षी पालखी नवी, पलंग नवा. काम झालं की पालखी मोडून तिची लाकडं होमात जातात. देवीच्या दारात कोणाचा मान काय, कोणी काय उचलायचं, कोणी कुठं उभं राहायचं, हे सगळं ठरलेलं आहे, निजामाच्या काळात १९०९ साली 'देऊळ कवायत' म्हणून लेखी सुद्धा झालंय, पण लेखी व्हायच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. कापूस एकाचा, लाकूड दुसऱ्याचं, खांदा तिसऱ्याचा. माहेरच्यांनी लेकीला झोपायला पलंग पाठवायचा, एवढी साधी गोष्ट आहे ती, आणि दोन-तीनशे किलोमीटर माणसं त्यासाठी चालतात.

तर त्या रात्री साडेतीनच्या सुमाराला गल्लीत गलका झाला आणि मामी निघाली. मोठीमाय जागीच होती. का कोण जाणे, उठून मागं चालू लागली. मी मामीचं बोट धरलेलं. आत रेटारेटी एवढी की मामाने मला खांद्यावर घेतलं, त्यामुळं मला दिसलं. पहाटेचे चार वाजत आले असतील, म्हणजे तीच वेळ. गाभाऱ्यातून त्यांनी देवीला बाहेर आणलं. सिंहासनावरची नटलेली देवी माझ्या डोळ्यांपुढं होती, पण आली ती वेगळीच. सीमोल्लंघनाला मूर्तीला एकावर एक साड्या गुंडाळतात, १०८ साड्यांचं दिंड म्हणतात, इजा होऊ नये, धक्का लागू नये म्हणून. हात दिसत नाहीत, शस्त्रं दिसत नाहीत, सगळा कपड्याचा गठ्ठा आणि त्यातून एवढंसं तोंड. तो गठ्ठा छातीशी धरून पालखीत ठेवला, कुंकू आणि फुलं अशी उधळली की हवा लाल झाली, पालखी देवळाभोवती फिरली आणि पिंपळाच्या पारावर टेकली. तिथं ती जरा विसावते.

पारापासून आम्ही जवळच होतो. मोठीमाय एकटक बघत होती. तिच्या तोंडावर कुंकू पडलेलं, ती ते पुसत पण नव्हती. मग मामीच्या कानाशी नाही, माझ्याकडं नाही, ती पालखीकडंच बघून बोलली. "मला बी असंच आणलं," ती म्हणाली. "वाकळंत बांधून. असंच." आणि मग रडायला लागली, पहिल्यांदा, आज्याला अग्नी दिला तेव्हा सुद्धा रडली नव्हती ती. मामी तिला धरायला गेली तर बाजूची एक अनोळखी म्हातारी म्हणाली, रडू दे माय, रडू दे तिला. उदो उदोच्या आवाजात तिचं रडणं कुणाला ऐकू पण आलं नसेल.

मी त्यावर खूप वेळा विचार केलाय. भूकंपाचं मोठीमायला उत्तर मिळालं होतं का, तर नाही, माझी खात्री आहे तिला नाही मिळालं, ती पुढं पंधरा वर्षं जगली आणि "त्या रातीला तू जागी हुतीस" हे तिने मागं कधी घेतलं नाही. जोगवा परत सुरू केला, नवीन परडी केली, तरी मागं घेतलं नाही. पण त्या पहाटे तिला असं दिसलं असेल की ही पण उचलून न्यावी लागते. नऊ दिवस लढून हिच्यात चालायचं त्राण उरत नाही, चौघांनी कपड्यात बांधून न्यावं लागतं, पलंगावर ठेवावं लागतं. तिच्याशी मोठीमाय भांडू शकत होती आणि तिची काळजी पण करू शकत होती, एकाच वेळी, जसं घरातल्या थोरल्या बाईशी करतात.

कारण दुसऱ्या दिवसापासून ती रोज देवळात जायला लागली. एकादशी, द्वादशी, श्रम निद्रेचे दिवस. दर्शनाला आत नाही जायची फारशी. होमकुंडाच्या बाजूला मोकळ्या फरशीवर, भिंतीला पाठ न टेकता, वर आभाळ दिसेल अशी जागा बघून बसायची. मी तिच्यासोबत, कारण मला शाळा नव्हती, माझी शाळा पडली होती. आत जाणाऱ्या लोकांना ती सांगायची, "हळू बोला, निजलीय ती." एका बाईचं लेकरू मोठ्याने रडत होतं तर त्याला घेऊन तिने खांद्यावर थोपटलं, गप्प केलं, परत दिलं. असे चार दिवस गेले.

मग कोजागिरी. भूकंपाला महिना होत आलेला. तुळजापुरात त्या रात्री सोलापूरकडून, कर्नाटकातून लोक चालत येतात, सोलापूरचा रस्ता पंचेचाळीस किलोमीटर, सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो, पाय सुजलेले, कुणी अनवाणी, कुणी लेकरांना खांद्यावर घेऊन. रात्रीच्याला आम्ही सगळेच देवळात गेलो, मायसुद्धा, नववा लागलेला तरी हट्टाने. पौर्णिमेच्या पहाटे आई पलंगावरून उठून सिंहासनावर येते ते बघायला. मोठीमाय तिच्या ठरल्या जागी होमकुंडापाशी बसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून चांदणं बघत होतो, मग मला डोळा लागला असणार, कारण चौघडा वाजला तेव्हा मी दचकून उठलो आणि बघतो तर मी फरशीवर होतो आणि मोठीमाय माझ्याशेजारी आडवी. डोक्याखाली हात. तोंड थोडं उघडं. पदराची ती कवड्यांची गाठ मुठीत. घोरत होती, बारीक.

मामी म्हणाली, उठवा त्यांना, आई उठली, जन्माचं पुण्य आहे हे, बघू द्या की. मामा वाकला पण होता. माय म्हणाली, "हात लावू नका." एवढंच. पोटावर हात ठेवून ती तिथं उभी राहिली, गर्दीचा लोंढा आत निघालेला, आणि दोन्ही हातांनी लोकांना वाट वळवून देत होती, इकडून जावा, इकडून जावा, माणूस निजलंय. मग गर्दी वाढली तशी मामा तिला आत घेऊन गेला, तिच्या अवस्थेत थांबणं बरं नव्हतं, आणि मला सांगितलं तू बस आजीजवळ, हलू नकोस.

आई सिंहासनावर कशी चढली ते मी बघितलं नाही. आतून आरती ऐकू येत होती, घंटा, उदो उदो, लोक पळत होते. मी बसून होतो. तिच्या पायावर मुंगी चढत होती ती काढली. एकाच्या पिशवीचा धक्का लागायला आला तर मी मध्ये हात घातला. उजाडलं, आरती संपली, लोक प्रसाद घेऊन बाहेर येऊ लागले, आणि भिंतीवरून ऊन उतरत उतरत तिच्या कपाळापर्यंत आलं. मी सरकून बसलो, माझी सावली तिच्या डोळ्यांवर पडेल असा.